पेन्सिलीची जाडी

रेघ पॅरिसमध्ये ओढली, असं म्हणतात,
एका लांब टेबलावर, राजदूतांच्या बैठकीत.
मी तेव्हा चौदाचा. ग्राबोव्यात
लाल-पांढरी काठी धरायच्या कामाला लागलो.
रोजी एक पाव आणि वाटीभर सूप,
कारण नोटांना त्या वर्षी कुणी विचारत नव्हतं.

सप्टेंबरच्या चिखलातून दोन मोटारी आल्या,
चार देशांचे चार अधिकारी घेऊन.
त्यातला एक जपानी कॅप्टन,
त्याला बघायला लोहार भट्टी सोडून आला.
उतरले पाद्र्याच्या घरी. सारख्या चार खुर्च्या
आख्ख्या गावात तिथेच होत्या.

नकाशा उलगडला.
त्यावर माशी बसली की आमचं गाव झाकलं जाई.
मोजणीदार विंडिश हळूच म्हणाला,
"रेघ एक मिलिमीटर जाड आहे.
जमिनीवर पंचाहत्तर मीटर."
त्या शिशाच्या आत मावत होतं
आगाता म्हातारीचं घर, तिची विहीर,
हंसांचं खुराडं आणि प्लमची अकरा झाडं.

आमच्याकडे बांध कोरण्यावरून डोकी फुटत.
वीतभर मातीपायी बाप आणि काका
सात वर्षं चर्चमध्ये एका बाकावर बसले नाहीत.
आणि इथे
कुणी पेन्सिलीला टोक काढलं नव्हतं, एवढंच.

"घरात कुठली भाषा बोलता?"
आगाता म्हणाली, "नवऱ्याशी क्रोएशियन, तो होता तोवर.
गाईशी हंगेरियन, ती बाजारातून तशीच आली.
कर भरताना जर्मन."
ग्रगूर मास्तरांनी भाषांतर केलं, मग त्याचं भाषांतर झालं,
त्यामुळे हसू टेबलाभोवती पाळीपाळीनं पोचलं.
"मग कुठल्या देशात राहायला आवडेल?"
"डॉक्टर कुठल्या देशात आहे?"
हे कुणी लिहून घेतलं नाही.
वहीत रकाने दोनच, भाषा आणि धर्म.

माझा भाऊ यांद्रे कुठल्याच रकान्यात नव्हता.
ज्या देशासाठी तो गॅलिशियात मेला
तो देशही मागाहून मेला.

जपानी कॅप्टननं झाडाला हात लावून
खुणेनंच नाव विचारलं.
मी म्हटलं, श्ल्यिवा.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
मग वहीत वरून खाली लिहिलं.
आमचं झाड जगात कुठेतरी उभं लिहिलेलं आहे.

फेब्रुवारीत तार आली.
घर ऑस्ट्रियात, विहीर हंगेरीत.
आगाताला परवाना मिळाला, शिक्क्यासकट:
एक स्त्री, दोन बादल्या,
सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत.
रात्री तहान लागली तर काय,
ते पॅरिसला विचारायला हवं होतं.
पहारेकरी पोरगेलासा, बालातोनकडचा.
थंडीत तोच पाणी शेंदून द्यायचा,
म्हणायचा, "आजी, ही निर्यात आहे."

वसंतात दगड पुरायला आले, पुन्हा मी आणि काठी.
डावीकडे! अजून डावीकडे! थांब!
रेघ अंगणातून जाणार होती
आणि शेवटचं झाड पलीकडे पडणार होतं.
ऊन विंडिशच्या डोळ्यांवर आलं.
मी थांबलो नाही,
दीड पाऊल आणखी सरकलो
आणि काठी सरळ धरली, अगदी सरळ,
इतकी की त्यानं शाबासकी दिली.

कागदावर सह्या चार देशांच्या आहेत.
दीड पाऊल माझं आहे.
आजवर कुणाला सांगितलं नव्हतं,
बायकोलासुद्धा नाही, ती पलीकडची.

दगड अजून तिथेच आहे, शेवाळलेला.
मी जातो कधीकधी, काठी घेऊन,
आता ती टेकायला लागते.
झाड मात्र तिसऱ्याच वर्षी
किडीनं गेलं.